खेळाचे चित्र, खेळाचा ध्वनी आणि घरचा प्रेक्षक

नवी दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकालगत, कोपर्निकस मार्गावर, दूरदर्शन भवन उभे आहे. देशातील सार्वजनिक दूरचित्रवाणीचा कारभार या वास्तूतून चालतो. या सेवेचा इतिहास चाळू गेल्यास एक गोष्ट सहज ध्यानी येते. ती अशी की, चित्राच्या गुणवत्तेतील तिची दोन मोठी पावले क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने पडली आहेत. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रसारणास आरंभ झाला, तेव्हा चित्र कृष्णधवल होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील केंद्रामुळे पुण्याच्या घरांतही ती चित्रे दिसू लागली, तीही कृष्णधवलच. रंग आला तो १९८२ साली, नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा दूरदर्शनने प्रथमच उच्च स्पष्टतेचे, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेले ‘एचडी’, चित्र प्रक्षेपित केले.

ही पावले अभिमानास्पद होत यात शंका नाही. परंतु त्यांचे मोजमाप नेहमी क्रीडांगणाच्या बाजूने होत आले आहे. कॅमेरे किती, ते कोणत्या जातीचे, चित्रात रेषा किती, याची वार्ता प्रसिद्ध होते. त्या चित्रापैकी किती अंश गडचिरोलीच्या किंवा पालघरच्या घरातील पडद्यावर उतरला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. प्रसारणाची गुणवत्ता घरच्या पडद्यावर व घरच्या ध्वनिवर्धकाशी मोजली पाहिजे. आणि सार्वजनिक सेवेने तर आपले धन व श्रम याच मोजमापानुसार वाटले पाहिजेत. या मताच्या पुष्टीसाठी थोडे विज्ञान व थोडे गणित पुरेसे आहे.

चेंडू किती बिंदूंचा?

दूरचित्रवाणीचे चित्र लहान लहान बिंदूंचे बनलेले असते. जुन्या पद्धतीत भारतातील चित्र ६२५ रेषांचे होते. त्यांपैकी सुमारे ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्रासाठी वापरल्या जात. हेच चित्र अंकांच्या रूपात आले तेव्हा प्रत्येक रेषेवर ७२० बिंदू धरण्यात आले. अशा एका चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू होतात. उच्च स्पष्टतेच्या चित्रात १,०८० रेषा व प्रत्येक रेषेवर १,९२० बिंदू, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. तपशील अशा रीतीने पाचपट झाला.

या पाचपटीचा खेळाशी काय संबंध आहे, ते हॉकीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब असते आणि चेंडूचा व्यास सुमारे सव्वासात सेंटिमीटर असतो. कॅमेऱ्याने अर्धे मैदान पडद्यावर आणले, तर जुन्या चित्रातील एका बिंदूत सव्वासहा सेंटिमीटर जागा सामावते. याचा अर्थ असा की, सबंध चेंडू एका बिंदूच्या आसपास राहतो. उच्च स्पष्टतेच्या चित्रात तोच चेंडू तीन बिंदू रुंद होतो. एका बिंदूचा चेंडू हा गवतावरील ठिपक्यांपैकी एक ठिपका होय. तीन बिंदूंचा चेंडू डोळ्यास ओळखू येतो व त्याच्या मागे नजर धावू शकते.

ही अडचण खेळांच्या नियामक मंडळांनीही जाणली आहे. टेनिसमध्ये पांढऱ्याऐवजी पिवळा चेंडू वापरण्यास १९७२ साली मान्यता मिळाली, ती रंगीत दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकास तो नीट दिसावा म्हणूनच. टेबल टेनिसचा चेंडू २००० साली ३८ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटरचा झाला. चेंडूचा वेग थोडा उतरावा व प्रेक्षकास खेळ अधिक नीट दिसावा, हा त्यामागील हेतू होता. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकी निळ्या मैदानावर, पिवळ्या चेंडूने खेळली गेली. चित्र अपुरे पडले म्हणून खेळांना आपले साहित्य बदलावे लागले.

यावरून एक गंभीर विचार सुचतो. क्रिकेटमध्ये कॅमेरा खेळपट्टीवर रोखलेला राहू शकतो व प्रत्येक चेंडूनंतर खेळास विसावा असतो. म्हणून अंधुक चित्रातही तो खेळ समजतो. हॉकी, बॅडमिंटन व टेबल टेनिस यांना ही सवलत नाही. ज्या घरात चेंडू दिसतच नाही, त्या घरातील मुलास त्या खेळाची गोडी कशी लागावी? क्रिकेटची लोकप्रियता केवळ चित्रामुळे वाढली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि खराब चित्र सर्व खेळांना सारखे बाधत नाही आणि त्याची सर्वांत मोठी किंमत लहान चेंडूच्या व वेगवान खेळांना मोजावी लागते, हे मान्य करावेच लागेल.

गतीचे मोजमाप

बिंदूंची संख्या हा गुणवत्तेचा अर्धाच भाग झाला. खेळ म्हणजे गती. आणि गती दाखविण्यासाठी एका सेकंदात चित्रे किती, हे पाहावे लागते. भारतातील पद्धतीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रे असतात. परंतु प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत पाठविले जाते. प्रथम विषम रेषा, मग सम रेषा. त्यामुळे सेकंदाला हालचालीचे ५० टप्पे मिळतात. उच्च स्पष्टतेच्या प्रक्षेपणातही ही गुंफण पुष्कळदा कायम ठेवतात. दुसऱ्या एका प्रकारात रेषा ७२० च असतात. परंतु सेकंदाला ५० पूर्ण चित्रे दिली जातात.

ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदास सुमारे ३९ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तो ७८ सेंटिमीटर पुढे सरकतो. गोलंदाजाच्या हातून फलंदाजापर्यंत पोहोचण्यास त्यास जेमतेम अर्धा सेकंद लागतो. पन्नास टप्प्यांच्या प्रसारणात या प्रवासाची सुमारे २५ दर्शने होतात. वाटेत कोठे तरी यंत्रातील हयगयीने ५० चे २५ टप्पे झाले, तर दर्शने बारा-तेराच उरतात व चेंडू दीड-दीड मीटरच्या उड्या मारीत गेल्यासारखा दिसतो. बॅडमिंटनच्या फुलाची गोष्ट याहून बिकट आहे. २०२३ साली भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा फटका मारून विक्रम नोंदविला. या वेगाने फूल सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तीन मीटरहून अधिक अंतर तोडते. तेव्हा रेषा वाढवाव्यात की टप्पे राखावेत, असा प्रश्न उभा राहिल्यास खेळाच्या बाबतीत टप्पे राखण्यास अग्रक्रम दिला पाहिजे.

अरुंद वाट

क्रीडांगणातून निघालेला उच्च स्पष्टतेचा संदेश फार विशाल असतो. प्रसारणकेंद्रातील तारेतून तो सेकंदाला १४८ कोटींहून अधिक बिटांच्या वेगाने वाहतो. शून्य अथवा एक असा एकेक अंक म्हणजे एक बिट. एवढा प्रवाह घरोघर नेणे परवडणारे नाही. म्हणून तो दाबून लहान करतात. यास संपीडन म्हणतात. घरी पोहोचणारा प्रवाह सेकंदाला ८० लाख बिटांचा धरला, तरी मूळच्या सुमारे १८५ भागांपैकी एकच भाग शिल्लक राहिला.

हे साधते कसे? यंत्र चित्राचे लहान चौकोन पाडते, मागील चित्राशी त्यांची तुलना करते, आणि ‘हा चौकोन अमुक इतका सरकला’ एवढेच सांगून बाकीचे पुन्हा पाठविण्याचे टाळते. बातम्या वाचणाऱ्या व्यक्तीच्या पाठीमागची भिंत हलत नाही. तेथे ही युक्ती उत्तम चालते. खेळात मात्र सारेच हलते. कॅमेरा वळतो, हजारो प्रेक्षक हात हलवितात, पोहण्याच्या तलावातील पाणी दर क्षणाला नवा आकार घेते, आखाड्यातील लाल माती उधळते. अशा वेळी बिट अपुरे पडले की यंत्र तपशील टाकून देते. गवताची पाती नाहीशी होऊन हिरवा लेप उरतो; चौकोनांच्या कडा उघड्या पडतात; आणि दूरवरचा तो एका बिंदूचा चेंडू निरर्थक ठिपका समजून पुसलाही जातो. म्हणून पेटीवर ‘एचडी’ अशी अक्षरे असली, तरी अंकप्रवाह क्षीण असेल तर ते चित्र नावापुरतेच उच्च स्पष्टतेचे होय. उलट पुरेसा प्रवाह लाभलेले साधे चित्र खेळ समजून घेण्यास अधिक उपयोगी पडू शकते.

दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ ही मासिक वर्गणी न घेणारी उपग्रहसेवा २००४ साली सुरू झाली. ती चार कोटींहून अधिक घरांत पोहोचली असावी, असे या उद्योगातील अंदाज सांगतात. जमिनीवरील जुनी अॅनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतांशी बंद झाल्यामुळे मोफत दूरचित्रवाणीचा मुख्य आधार आता हीच सेवा आहे. उपग्रहावरील प्रत्येक वाहिनीमार्गाची क्षमता ठराविक असते. वाहिन्यांची गर्दी वाढली की प्रत्येकीच्या वाट्याचे बिट घटतात. शिवाय अनेक घरांतील जुन्या पेट्यांना १९९० च्या दशकातील संपीडनपद्धतीच तेवढी समजते. नव्या पद्धती त्याच बिटांत पुष्कळ चांगले चित्र देतात, परंतु त्या पेट्यांना ती भाषा अवगत नाही. चित्र बिघडते ते बहुधा या शेवटच्या टप्प्यात. क्रीडांगणातील कॅमेऱ्याकडे त्याचा दोष जात नाही.

डोळा व अंतर

आणखी रेषा, आणखी बिंदू अशी हाव धरणाऱ्यांनी मानवी डोळ्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. सामान्य दृष्टीस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. यावरून हिशोब केला, तर १,०८० रेषांचा पूर्ण लाभ घेण्यासाठी पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसावे लागते, आणि ५७६ रेषांसाठी सहापट अंतर पुरते. ४३ इंची संचाची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते. त्याच्यासमोर पावणेदोन मीटरवर बसणाऱ्यास उच्च स्पष्टता पुरेपूर लाभते. सव्वातीन मीटरवर बसणाऱ्यास ती व जुने चित्र यांतील भेद फारसा जाणवणार नाही. याहून चौपट बिंदूंच्या ‘फोर के’ चित्राचा लाभ घ्यावयाचा, तर त्याच संचापासून एक मीटरच्याही आत बसावे लागेल. मुंबईच्या चाळीतील दहा फुटी खोलीत उच्च स्पष्टता उपयोगी आहे हे यावरून सिद्ध होते. आणि सार्वजनिक पैसा त्यापलीकडील बिंदूंवर खर्च करण्याची घाई नाही, हेही.

कान उपेक्षित राहतो

चित्राच्या चर्चेत ध्वनी मागे पडतो. वस्तुतः खेळाचा अर्थ ध्वनीतूनही उलगडतो. बॅटीची कड लागली की नाही, हे यष्टीजवळच्या मायक्रोफोनमुळे कळते. कबड्डीत तर ध्वनी हा नियमाचाच भाग आहे. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी, कबड्डी’ असा उच्चार अखंड व स्पष्ट ऐकू येईल असा चालू ठेवावयाचा असतो. दम तुटला की चढाई संपली. महाराष्ट्रात हुतूतू म्हणून वाढलेल्या या खेळाचा प्राण त्या दमात आहे. प्रसारणात तो दम संगीताच्या व समालोचनाच्या गलबल्यात बुडाला, तर प्रेक्षकाने पाहिली ती अर्धीच कबड्डी.

ध्वनी व चित्र यांचा मेळ हा दुसरा प्रश्न. चित्राच्या संपीडनास ध्वनीपेक्षा अधिक वेळ लागतो. त्यामुळे काळजी न घेतल्यास फटका दिसण्यापूर्वीच ऐकू येतो. निसर्गात असे कधी घडत नाही. मैदानावर ६८ मीटर दूर बसलेल्यास फटक्याचा आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाने उशिरा पोहोचतो व मन ते निमूटपणे स्वीकारते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार ध्वनी सुमारे १२५ सहस्रांश सेकंद मागे राहिला तरच उणीव जाणवू लागते. पण तो पुढे गेला तर ४५ सहस्रांशही पुरतात.

तिसरा प्रश्न पातळीचा. षटक संपताच जाहिरात कानठळ्या बसविते हा अनुभव सार्वत्रिक आहे. भारताच्या १९९४ च्या केबल नियमांत जाहिराती अतिरिक्त कर्कश नसाव्यात असे म्हटले आहे. युरोपातील प्रसारण संघाने २०१० मध्ये ध्वनीची पातळी मोजण्याची निश्चित रीत ठरवून दिली. नुसत्या उपदेशापेक्षा मोजमाप अधिक परिणामकारक ठरते. आणि चौथा प्रश्न भाषेचा. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे समालोचन करून ही भाषा त्या खेळास पुरी पडते, हे दाखवून दिले. मैदानाचा ध्वनी एका मार्गावर व भाषाभाषांची समालोचने निरनिराळ्या मार्गांवर देणे आज तंत्रदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. ध्वनीचे बिट चित्राच्या मानाने अत्यल्प असतात. म्हणजे थोड्या खर्चात मोठी सुधारणा येथेच शक्य आहे.

कायदा काय सांगतो

हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हे. त्यास हक्काची बाजू आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय दिला. जानेवारी २००७ मध्ये भारत व वेस्ट इंडीज यांच्या मालिकेच्या वेळी, जिचा पहिला एकदिवसीय सामना नागपुरात झाला, प्रक्षेपणाच्या हक्कांवरून वाद पेटला. त्यानंतर त्याच वर्षी संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचा संदेश हक्कधारकाने आपल्या जाहिराती वगळून प्रसार भारतीस त्याच क्षणी द्यावा, असे त्यात ठरले. हा संदेश दूरदर्शनच्या जमिनीवरील व फ्री डिशच्या प्रक्षेपणापुरताच वापरावा, हे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे वर्गणी न भरणाऱ्या प्रेक्षकासाठीच ही तरतूद आहे. ज्याच्यासाठी कायदा झाला, त्याच्याच पडद्यावर चेंडू पुसला जात असेल, तर कायद्याचे अक्षर पाळले गेले, हेतू मात्र फसला असे म्हणावे लागेल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. फ्री डिशवरील जागा लिलावाने दिल्या जातात व त्यातून उत्पन्न येते. जागा कमी केल्यास उत्पन्न घटेल. हा आक्षेप खरा आहे व तो उडवून लावणे योग्य नाही. परंतु वर्षातील मोजक्या दिवशी, राष्ट्रीय महत्त्वाचा सामना चालू असता, दूरदर्शनच्याच इतर वाहिन्यांचे काही बिट क्रीडावाहिनीस उसने देणे यात उत्पन्नाची हानी नाही. यंत्रे अशी विभागणी क्षणोक्षणी करू शकतात.

दुसरा आक्षेप असा की, लोक आता मोबाइलवर सामना पाहतात; मग उपग्रहाची चिंता कशास? याचे उत्तर गणितात आहे. सेकंदाला ५० लाख बिटांच्या प्रवाहाने सात तासांचा एकदिवसीय सामना पाहिल्यास सुमारे १६ गिगाबाइट खर्ची पडतात. एका घरास एवढा व्यय रोज परवडणारा नाही; आणि लाखो लोक एकाच वेळी पाहू लागले की जाळ्यावर भार पडून प्रत्येकाचे चित्र उतरू शकते. आकाशातून येणाऱ्या लहरींची गोष्ट निराळी आहे. आणखी एका घराने ती ग्रहण केली म्हणून शेजारच्या घराचा वाटा तिळमात्र कमी होत नाही.

काय व्हावे

तेव्हा चार गोष्टी व्हाव्यात. देशातील निरनिराळ्या जिल्ह्यांत साध्या पेट्या व साधे संच बसवून तेथे पोहोचणाऱ्या चित्राचे व ध्वनीचे मोजमाप व्हावे, आणि ते नियमाने प्रसिद्ध करावे. सामन्याच्या वेळी क्रीडावाहिनीचा अंकप्रवाह राखून ठेवावा व हालचालीचे ५० टप्पे आरंभापासून अखेरपर्यंत अभंग राहावेत. मैदानाचा ध्वनी स्वतंत्र ठेवून त्याची पातळी मोजून राखावी. आणि नव्या संपीडनपद्धतीकडे जाताना जुन्या पेट्या असलेल्या घरांना काही वर्षांचा अवधी व साहाय्य मिळावे. हे पार पडल्यावर मग अधिक बिंदूंचा विचार खुशाल करावा.

ज्याच्या नावाने दिल्लीतील तो मार्ग ओळखला जातो, त्या निकोलस कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. जेथून आकाशाचे गणित मांडले जाई, ते केंद्रच त्याने हलविले. प्रसारणाच्या हिशोबाचे केंद्रही क्रीडांगणातून घराकडे हलविणे तितकेच इष्ट आहे. त्यास त्याच्याएवढे धैर्य लागणार नाही.

या कामी शाळांनाही वाटा उचलता येईल. पुढील सामन्याच्या वेळी विद्यार्थ्यांनी पडद्याची उंची व आपल्या बैठकीचे अंतर मोजावे. कॅमेरा वेगाने वळताना गवताची पाती टिकतात की त्यांचा लेप होतो, ते न्याहाळावे. फटका आधी दिसतो की आधी ऐकू येतो, ते लिहून ठेवावे. आणि कबड्डीच्या चढाईत दम ऐकू येतो की नाही, याची नोंद करावी. अशा नोंदी गावोगावच्या शाळांतून जमल्या, तर चांगल्या चित्राची मागणी मोजमापाच्या आधारे करता येईल आणि ती डावलणे कोणासही सोपे जाणार नाही.